पावसाळी गटारातलं पाणी वांग्याला चालेल का?

जुलैत पावसाने जोर धरला की सोसायटीच्या फाटकातून पाण्याचा लोट रस्त्यावर जातो. मार्च उजाडला की त्याच सोसायटीत परसबागेसाठी टँकर मागवायचा की नाही, यावर कमिटीच्या बैठकीत खडाजंगी होते. तेव्हा कोणीतरी हमखास विचारतं, ‘पावसाळ्यातलं ते पाणी अडवून, गाळून भाजीला का घालत नाही आपण?’

घालता येतं. जगात काही शहरांनी ते नीट करून दाखवलंय. पण हा विषय निघाला की पहिली चर्चा होते ती फिल्टर कोणता घ्यायचा याची. खरं तर फिल्टर हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. आपण कोणत्या पृष्ठभागावरचं पाणी घेतो आणि ते ठेवतो कुठे, या दोन गोष्टींवर सगळं अवलंबून असतं. म्हणून सुरुवात पाण्याच्या माहेरापासून करू.

१. पाणी कशावरून वाहत आलं?

आभाळातून पडताना पाऊस बऱ्यापैकी स्वच्छ असतो. जमिनीला टेकल्यावर तो ज्यावरून वाहतो, त्याचा गुण घेतो. सोसायटीच्या आवारात हे पाणी गच्चीवरून येतं, पार्किंग आणि पेव्हर ब्लॉकवरून येतं, आणि बाहेरच्या रस्त्यावरून येतं.

रस्त्याच्या पाण्यात काय असतं? टायर झिजून पडलेला रबराचा चुरा आणि त्यातलं जस्त. ब्रेकच्या पॅडमधलं तांबं. इंजिनातून ठिबकलेलं तेल, धुराची काजळी, कुत्र्या-गुरांची घाण. शिसंही असतं. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं, पण शिसं कुजत नाही की उडून जात नाही, त्यामुळे जुन्या रस्त्यांच्या कडेच्या मातीत ते अजून आहे. घरगुती रंगांतल्या शिशावर दर दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा तर २०१६ च्या नियमांनी आली. त्याआधी रंगवलेल्या भिंतींचे पोपडे आजही पावसात धुपतात.

रस्त्याकडेच्या पावसाळी गटाराची आणखी एक अडचण आहे. कागदावर ते फक्त पावसाचं असतं. प्रत्यक्षात आपल्या शहरांत त्यात सांडपाण्याची एखादी लाइन सोडलेली असतेच, किंवा शेजारचं चेंबर तुंबून त्यात येत असतं. शिवाय उंदीर-घुशींच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसने मुंबईला २६ जुलै २००५ च्या पुरानंतर चांगलाच धडा दिला. तेव्हा शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर इथेच देऊन टाकतो: पावसाळी गटारातलं पाणी नको. गटाराला मिळण्याआधीचं चालेल.

राहिली गच्ची आणि आवार. गच्चीचं पाणी सगळ्यात चांगलं, असं म्हटलं की पत्र्याच्या शेडवाले खूश होतात. त्यांच्यासाठी एक छोटा हिशेब. भाजीच्या एक चौरस मीटर वाफ्याला आपण वर्षभरात साधारण १,००० लिटर पाणी देतो. त्या वाफ्याची वरची वीस सेंटिमीटर माती भरते सुमारे २५० किलो. समजा रस्त्याच्या पाण्यात लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम जस्त आहे. वर्षाला २०० मिलिग्रॅम जस्त वाफ्यात आलं, म्हणजे मातीच्या किलोमागे एक मिलिग्रॅमसुद्धा नाही. आता जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरचं पाणी घ्या. त्यात लिटरमागे ३ मिलिग्रॅम जस्त सहज असू शकतं. तेच गणित केलं तर मातीत दरवर्षी किलोमागे १२ मिलिग्रॅमची भर पडते. अन्न व कृषी संघटनेने सिंचनाच्या पाण्यात जस्ताची कमाल मर्यादा लिटरमागे २ मिलिग्रॅम सुचवली आहे. म्हणजे जस्तापुरता पत्रा हा रस्त्यापेक्षा वाईट ठरतो! जस्त जास्त झालं तर माणसाआधी झाडच कुरकुर करतं, ही त्यातली बरी बाजू. शिसं आणि कॅडमियम अशी आगाऊ सूचना देत नाहीत.

सिमेंटची स्लॅब, कौलं, चायना मोझॅकची गच्ची यांचं पाणी भाजीसाठी उत्तम. जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे आणि डांबराचं वॉटरप्रूफिंग केलेली गच्ची मी यातून वगळेन.

२. पहिलं पाणी सोडून द्यायचं

तांदूळ धुताना पहिलं पाणी गढूळ येतं, दुसरं कमी, तिसरं जवळजवळ नितळ. गच्चीचंही तसंच. आठ महिन्यांची धूळ, कबुतरांची विष्ठा आणि काजळी पहिल्या सरीतच बरीचशी धुऊन निघते. म्हणून प्रत्येक मोठ्या खंडानंतर येणाऱ्या पावसाचं पहिलं पाणी टाकीत घ्यायचं नाही.

किती सोडायचं? एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. हे एक समीकरण पाठ असलं की या विषयातले निम्मे हिशेब तोंडी होतात. पहिले एक ते दोन मिलिमीटर सोडायचे असा ढोबळ नियम आहे. शंभर चौरस मीटर गच्ची असेल तर शंभर ते दोनशे लिटर. गच्चीवरून उतरणाऱ्या पाइपला खाली एक बंद उभा पाइप किंवा ड्रम जोडला की पहिलं पाणी त्यात साठतं आणि तो भरल्यावर पुढचं आपोआप टाकीकडे वळतं. ड्रमच्या तळाशी बारीक तोटी ठेवायची, म्हणजे तो हळूहळू रिकामा होऊन पुढच्या पावसासाठी तयार राहतो. ही तोटी कचऱ्याने तुंबते, ड्रम भरलेलाच राहतो आणि सगळी योजना निकामी होते. बहुतेक ठिकाणी बिघाड इथेच असतो, महागड्या फिल्टरमध्ये नव्हे.

३. माती गाळते म्हणजे नेमकं काय करते?

अमेरिकेच्या वायव्य टोकाला सिएटल शहराच्या परिसरात ओढ्यांमध्ये कोहो जातीचा सामन मासा अंडी घालायला समुद्रातून परत येतो. पाऊस पडला की शहरी ओढ्यांतले हे मासे गोल गोल फिरू लागायचे आणि काही तासांत मरायचे, अंडी घालण्याआधीच. कारण कळत नव्हतं. संशोधकांनी हमरस्त्यावरून वाहणारं पाणी गोळा केलं आणि निरोगी मासे त्यात सोडले. मेले. मग तेच पाणी वाळू आणि कंपोस्टच्या मिश्रणाने भरलेल्या पिंपांतून झिरपू दिलं आणि त्यात मासे सोडले. ते जगले. हे २०१५ च्या सुमाराचं. मारेकरी कोण हे पुढे २०२० मध्ये कळलं. टायर लवकर तडकू नयेत म्हणून रबरात एक रसायन घालतात. त्याची हवेतल्या ओझोनशी क्रिया होऊन तयार होणारा पदार्थ या माशांना मारत होता. म्हणजे काय गाळायचं आहे हे कोणालाच ठाऊक नसताना मातीने ते गाळून दाखवलं होतं.

अशा मातीच्या गाळणीला आपण गाळणवाफा म्हणू. त्याचं आधुनिक रूप १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मेरिलंड राज्यात, प्रिन्स जॉर्जेस काउंटीत आकाराला आलं. तिथल्या एका नव्या वसाहतीत पाण्याचं मोठं तळं खणण्याऐवजी घरोघरी असा एकेक खोलगट वाफा केला गेला. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने त्यावर पुढे बारकाईने काम केलं.

रचना अशी. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीत-दीड वीत खोलगट जागा. तिच्यात वर चाळीस ते साठ सेंटिमीटर वालुकामय माती, तिच्याखाली दहा सेंटिमीटर जाड वाळू, तळाला खडी, आणि खडीत भोकं पाडलेला पाइप. पाणी वरून येतं, साचतं, झिरपतं आणि पाइपातून टाकीत जातं. मातीवर झाडं हवीतच.

आत चार कामं एकाच वेळी चालतात. कचरा आणि बारीक गाळ वरच अडकतो. शिसं, तांबं, जस्त हे गाळाच्या कणांना चिकटून आलेले असतात, ते त्याच्याबरोबर थांबतात. जे पाण्यात विरघळलेले असतात, त्यांना मातीतले सेंद्रिय आणि चिकण कण धरून ठेवतात. तेल आणि काजळीतली संयुगं मातीतले सूक्ष्मजीव दोन पावसांच्या मधल्या काळात फोडतात. आणि झाडांची मुळं मातीत वाटा उघड्या ठेवतात. झाडं नसतील तर वाळूचा थर काही काळाने चोंदतो.

आपल्याकडे गाळणवाफा फसतो तो बहुधा मातीच्या निवडीत. माळीकाका प्रेमाने काळी माती भरतात. काळी माती ओली झाली की फुगून पाणी अडवते आणि सुकली की तिला हात जाईल अशा भेगा पडतात. त्या भेगांतून पाणी न गाळताच खाली उतरतं. मेलबर्नच्या मार्गदर्शक सूचनांत चिकणमाती आणि गाळ मिळून ३ टक्क्यांहून कमी असावेत असं आहे. प्रयोगशाळा हाताशी नसेल तर लोणच्याची काचेची बरणी पुरते. अर्धी बरणी मिश्रण, वर पाणी, खळखळून हलवायचं आणि ओट्यावर ठेवून द्यायचं. वाळू मिनिटभरात तळाशी बसते. दुसऱ्या दिवशी वाळूवर चिकट गाळाचा जाडसर थर दिसला, किंवा पाणी अजून ताकासारखं असलं, तर ते मिश्रण नको.

मेलबर्नची एक गोष्ट मात्र जशीच्या तशी उचलायची नाही. तिथे या वाफ्यांचा एक मुख्य हेतू पाण्यातला नायट्रोजन काढणं हा होता, कारण तो पोर्ट फिलिपच्या उपसागरात गेला की शेवाळं माजतं. त्यासाठी तळाशी कायम पाण्यात बुडालेला थर ठेवतात. आपलं पाणी जाणार आहे वांग्याकडे. वांग्याला नायट्रोजन म्हणजे मेजवानी. तो काढायचा खटाटोप आपण कशाला करायचा?

गाळणवाफ्यातली झाडं निवडताना एकच परीक्षा: चार महिने पाय पाण्यात आणि आठ महिने कोरडं, हे सोसेल का? वाळा सोसतो, आणि त्याची मुळं खोल सरळ जातात. कर्दळ चांगली, पण उन्हाळ्यात तिला थोडं पाणी घालावं लागतं.

भाजी थेट याच वाफ्यात लावली तर? मेलबर्न विद्यापीठाच्या बर्नली इथल्या आवारात तसा प्रयोग झाला. छपराचं पाणी अशा वाफ्यात सोडून त्यात भाज्या घेतल्या. उत्पन्न साध्या वाफ्याइतपतच आलं आणि वाहून जाणारं बरंचसं पाणी वाफ्यातच जिरलं. पण ते पाणी छपराचं होतं. पार्किंगचं पाणी घेणार असाल तर गाळणवाफ्यात खायचं काही लावू नका. धातू तिथेच, वरच्या काही सेंटिमीटर मातीत साठत जाणार आहेत. ते साठावेत म्हणूनच तर तो केला.

४. केवढा वाफा पुरेल?

मेलबर्नमध्ये पाणी देणाऱ्या पक्क्या क्षेत्राच्या साधारण २ टक्के जागा धरतात. आपली गच्ची ४०० चौरस मीटरची असेल तर ८ चौरस मीटर, म्हणजे एका मोटारीच्या पार्किंगपेक्षाही कमी. चांगल्या मिश्रणातून तासाला २०० मिलिमीटर पाणी झिरपतं असं धरू. आठ चौरस मीटरमधून तासाला १,६०० लिटर.

पुण्याची भुरभुर घ्या, तासाला ४ मिलिमीटर. गच्चीवर पडलेल्यातलं ८० टक्के पाणी हाती येतं असं धरलं तर ४०० × ४ × ०.८, म्हणजे तासाला १,२८० लिटर. सगळं गाळून निघतं. आता धो धो पाऊस घ्या, तासाला ५० मिलिमीटर. येणारं पाणी १६,००० लिटर, झिरपणारं १,६००. बाकीचं ओसंडून जाणार आणि त्याला जायला नीट वाट ठेवलीच पाहिजे, नाहीतर ते लिफ्टच्या खड्ड्यात जाईल.

एवढं पाणी वाया गेलं म्हणून हळहळायचं कारण नाही. आपल्याला सगळं नकोच आहे. का, ते सहाव्या भागात येईल.

५. जंतू आणि कोथिंबीर

धातूंच्या बाबतीत मातीची गाळणी जितकी भरवशाची, तितकी ती जंतूंच्या बाबतीत नाही. शंभरातले नव्वद अडले तरी ठीक म्हणायचं. आवारातून वाहिलेल्या पाण्यात दर १०० मिलिलिटरमागे विष्ठेतून आलेले दहा हजार जीवाणू असतील तर गाळल्यावर हजार उरतात. हे पाणी दिसायला नितळ असतं, आणि धोका त्या नितळपणातच आहे. हे पिण्याचं पाणी नव्हे. त्याच्या तोटीवर तसं ठळक लिहायचं आणि तोटीची दांडी काढून ठेवायची, कारण मुलं तिथे पाणी पिणारच.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये सांडपाण्यावरच्या शेतीसाठी एक शहाणी पद्धत मांडली. सगळी शुद्धी एकाच यंत्रात करण्याचा हट्ट सोडा, वाटेत अनेक अडथळे ठेवा. ठिबकने पाणी दिलं तर जमिनीलगतच्या पिकावर पोचणारे जंतू शंभरपट कमी होतात, उंच वाढणाऱ्या पिकावर दहा हजारपट. तोडणीआधी पाणी थांबवलं तर ऊन आणि कोरडेपणाने रोज आणखी घट होते. धुतल्याने दहापट कमी, सोलल्याने शंभरपट. आणि शिजवल्यावर तर जवळजवळ काहीच उरत नाही. हे आकडे आपल्यापेक्षा कितीतरी घाण पाण्यासाठी ठरवलेले आहेत.

याचा स्वयंपाकघराच्या भाषेत अर्थ सरळ आहे. वांगी, भेंडी, दोडका, दुधी, शेवगा, पपई, कढीपत्ता यांना हे पाणी मुळाशी द्या. कोथिंबीर, पुदिना, मुळा, गाजर, कोशिंबिरीचा कांदा यांना नळाचं. पालक आणि मेथी शिजवतो, म्हणून जंतूंच्या हिशेबाने चालतील, पण पालेभाज्या कॅडमियमसारखे धातू फळभाज्यांपेक्षा जास्त ओढतात. तेव्हा त्यांना फक्त गच्चीचं पाणी. झारीने किंवा पाइपने पानांवर फवारा मारणं मात्र कोणत्याही भाजीला नको. मातीचे शिंतोडे पानांवर बसतात आणि शिसं बहुतांशी त्या शिंतोड्यांतूनच ताटात येतं.

६. पुणे आणि मेलबर्न

दोन्ही शहरांचा वर्षाचा पाऊस जवळपास सारखा आहे. मेलबर्नचा ६५० मिलिमीटरच्या आसपास, पुण्याचा ७०० च्या थोडा वर. तरी मेलबर्नची योजना पुण्यात तशीच लागू पडत नाही, कारण मेलबर्नला पाऊस बाराही महिने थोडा थोडा येतो आणि पुण्याला तो चार महिन्यांत येऊन जातो.

१९९७ ते २००९ या प्रदीर्घ दुष्काळात मेलबर्नमध्ये बागेला नळाचं पाणी घालण्यावर कडक निर्बंध आले आणि लोकांनी छपराकडे पाहायला सुरुवात केली. तिथे ४०० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटरची एक सर आली की ३,२०० लिटर मिळतात. ५० चौरस मीटर भाजीच्या बागेला रोज २०० लिटर लागले तर हे पाणी सोळा दिवस पुरतं, आणि तोवर बहुधा पुढची सर येते. टाकी लहान असली तरी वर्षातून अनेकदा भरते.

पुण्यात तीच गच्ची, तीच बाग. वर्षभरात गच्चीवरून ४०० × ७०० × ०.८, म्हणजे २ लाख २४ हजार लिटर पाणी उतरतं. बागेला ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनपर्यंतच्या २३० दिवसांत ४६ हजार लिटर लागतील. उन्हाळ्याची वाढीव तहान धरली तर ६० हजार. पाणी गरजेच्या जवळजवळ चौपट आहे! पण ते ठेवायला पाच मीटर लांब, चार रुंद आणि तीन उंच टाकी हवी, एका खोलीएवढी, आणि ती वर्षातून एकदाच कामाला येणार. १० हजार लिटरची टाकी घेतली तर ती डिसेंबर लागता लागता संपते. मुंबईत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तरी बागेपुरता हा हिशेब बदलत नाही. पाऊस तिप्पट झाला म्हणून कोरडे महिने कमी होत नाहीत.

हे कोडं आपल्या मुलखाला नवं नाही. कान्हेरीच्या लेण्यांत जवळजवळ प्रत्येक गुंफेपाशी कातळात कोरलेलं पाण्याचं टाकं आहे आणि डोंगरावरचं पाणी तिथवर आणणाऱ्या पन्हळी आहेत. भिक्षूंना आठ कोरडे महिने काढायचे होते आणि कातळ कोरायला माणसं होती. सोसायटीच्या कमिटीलाही कोरडे महिने तेच काढायचे असतात, पण कातळ कोरायला माणसं नसतात.

मग काय करावं? छोटी टाकी बांधा, पण ती उन्हाळ्यासाठी नाही, पावसाळ्यातल्या उघडिपीसाठी. ऑगस्टमध्ये पंधरा दिवस पाऊस ओढ देतो तेव्हा गच्चीवरच्या कुंड्या आणि उथळ वाफे सगळ्यात आधी माना टाकतात. त्या पंधरा दिवसांना ३,००० लिटर पुरतात, आणि पुन्हा पाऊस आला की टाकी फुकट भरते. बागेचं वेळापत्रकही पाण्यामागे न्या. सप्टेंबरात पेरलेला घेवडा, टोमॅटो, वांगी यांचा मुख्य काळ हस्ताच्या पावसावर आणि टाकीच्या पाण्यावर निघतो.

दुसरी टाकी मातीतच असते. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी जी बाग उभी केली, तिचा पाया ओल्या कचऱ्यापासून आणि पालापाचोळ्यापासून केलेल्या मातीवर होता. श्री. अ. दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवारा’पासून चालत आलेला हा विचार आहे. अशी माती पाणी धरून ठेवते आणि वर पाल्याचं आच्छादन असेल तर ते सहज उडत नाही.

उरलेलं पाणी जमिनीत मुरवा. पण विंधन विहिरीच्या पाइपात थेट सोडायचं ते फक्त गच्चीचं, गाळलेलं. पार्किंगचं पाणी चुकूनही नाही, कारण तिथे मधे माती नसते आणि एकदा खाली गेलेलं तेल वर काढता येत नाही. दख्खनच्या काळ्या खडकात पाणी भेगांच्या मर्जीने चालतं. तुम्ही मुरवलेलं पाणी शेजारच्या सोसायटीच्या बोअरला लागेल, ही शक्यता धरूनच चाला.

७. निगा

मे महिन्यात गाळणवाफ्याच्या वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा पापुद्रा खरवडून काढायचा. तो सुपीक दिसतो, म्हणून माळी तो भाजीच्या वाफ्यात टाकायला निघतो. त्याला अडवा. पार्किंगच्या पाण्याचा वाफा असेल तर वर्षभराचं शिसं आणि जस्त त्याच पापुद्र्यात आहे.

महिनोन्‌महिने कोरडा राहिलेला वाफा पहिल्या काही पावसांत नीट गाळत नाही, म्हणून जूनचं सुरुवातीचं पाणी टाकीत न घेता बाहेर सोडा. टाकीच्या प्रत्येक तोंडाला बारीक जाळी हवी. डेंग्यूचा डास स्वच्छ साठ्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडू लागते.

पाण्याची तपासणी करून घ्यायची ती जुलैत, दोन-तीन मोठे पाऊस होऊन गेल्यावर. नमुना टाकीच्या तोटीतून घ्या, पन्हळीखाली धरून नव्हे. ई. कोलाय, शिसं, कॅडमियम आणि जस्त एवढं पुरे. जंतू जास्त निघाले तर ते पाणी त्या वर्षी पपई, शेवगा आणि केळीला वळवा. शिसं निघालं तर मात्र भाजीची तोटी आधी बंद करा आणि गच्चीवर जाऊन कठड्याचा, जिन्याच्या खोलीचा, टाकीच्या पत्र्याच्या झाकणाचा जुना रंग कुठे सुटलाय ते बघा.